कुंभारवाड्याच्या झाडांवर हक्क कुणाचा?

काळी व्याघ्र प्रकल्पाचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. जंगलाच्या पोटात आणि काठाला वस्त्या आहेत. वस्त्यांना सरपण लागतं, गुरं चारायची असतात, शेताचा बांध दरवर्षी हातभर पुढे सरकतो. म्हणून जंगल मागे हटतं आहे. उपायही सोबतच सांगितला जातो. जमेल तेवढ्या कुटुंबांना पैसे देऊन बाहेर न्यावं, उरतील त्यांना पावसाळ्याआधी रोपं वाटावीत आणि झाडांचं बाकी सगळं वनखात्याकडे असू द्यावं. असं म्हणणारे बहुधा वाघावर मनापासून प्रेम करणारे लोक असतात. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचं कारण नाही. पण त्यांनी लावलेलं कारण चुकीचं आहे, आणि त्यावर उभा केलेला उपाय कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात जंगलाच्या सर्वांत जवळच्या राखणदारालाच दूर लोटतो.

कुंभारवाडा जोयड्याहून कारवारकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या एका वन्यजीव परिक्षेत्राला याच गावाचं नाव आहे. आसपासच्या वाड्यांत मुख्यतः कुणबी राहतात, काही ठिकाणी धनगर गवळ्यांची घरं आहेत. बोली कोकणी, मराठी कानाला सवयीची. १९५६पर्यंत हा सगळा मुलूख मुंबई राज्यात होता. तालुका विस्ताराने प्रचंड, माणसांनी विरळ. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ५२ हजारांच्या घरात भरली, म्हणजे चौरस किलोमीटरला ३० माणसंसुद्धा नाहीत. एवढ्या थोड्या लोकांनी जंगल संपवलं असं म्हणायचं, तर आधी इतरांनी काय संपवलं याचा हिशेब मांडायला हवा.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी उपग्रहचित्रांच्या आधारे उत्तर कन्नड जिल्ह्याचा चाळीस वर्षांचा आढावा घेतला आहे. १९७३मध्ये जिल्ह्याच्या ६७ टक्क्यांहून अधिक भूभागावर सदाहरित आणि निमसदाहरित जंगल होतं. २०१३मध्ये ते ३२ टक्क्यांवर आलं होतं. याच काळात शेतीचा हिस्सा सुमारे ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर गेला, हेही त्याच अभ्यासात आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण मग उरलेल्या घटीचं काय? जिल्ह्याच्या दर १०० हेक्टरांमागे ३५ हेक्टर सदाहरित जंगल गेलं आणि शेती वाढली ती ७ हेक्टरांनी. बाकीच्या जमिनीवर सागवान, अकेशिया, सुरू आणि निलगिरीची एकसुरी लागवड आली, धरणांचं पाणी पसरलं, रस्ते आणि वीजवाहिन्या गेल्या, आणि बराचसा भाग विरळ होत होत पानगळीचं जंगल बनला.

जोयड्यापुरतं बोलायचं तर सुपा धरणापासून सुरुवात करावी लागेल. काळी नदीवरचं १०१ मीटर उंचीचं हे धरण १९८७मध्ये पूर्ण झालं. शंभर चौरस किलोमीटरहून मोठा जलाशय तयार झाला, जुनं सुपा गाव बुडालं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला हललं आणि विस्थापितांना रामनगरला नेऊन वसवलं. त्याच १९८७ साली अणशी राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. एका हाताने दरी बुडवून दुसऱ्या हाताने राखीव उद्यानाची हद्द आखली गेली, आणि त्या हद्दीत सापडलेल्या कुणब्याला मात्र पुढची पस्तीस-चाळीस वर्षं जंगलाचा शत्रू म्हणून ओळखलं गेलं. २००७मध्ये दांडेली अभयारण्य आणि अणशी उद्यान मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, २०१५मध्ये त्याला काळी नदीचं नाव मिळालं. तरीही मोठे घाव थांबले नाहीत. तिनईघाट–कॅसलरॉक–कुळे रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने मंजुरी दिली होती; ती रद्द व्हायला मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. तो मार्ग कुठल्याही कुणब्याने मागितला नव्हता.

दोष कुणाचा आणि बोट कुणाकडे, याचं या भागातलं सर्वांत बोलकं उदाहरण बांबूचं आहे. दांडेलीची वेस्ट कोस्ट पेपर मिल्स १९५५मध्ये स्थापन झाली. कागदासाठी लागणारा बांबू तिला जिल्ह्यातल्या सरकारी जंगलांतून अगदी नाममात्र दराने मिळत असे. टोपल्या विणणाऱ्या माणसाला तोच बांबू बाजारभावाने विकत घ्यावा लागे. १९७०च्या दशकापर्यंत बांबूची बेटं खचू लागली. गिरणी आणि वनखातं दोघांचंही म्हणणं एकच : गावकऱ्यांची गुरं कोवळे कोंब खातात. पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी सहकाऱ्यांसह या प्रश्नाचा अभ्यास केला तेव्हा गावकरी वेगळंच सांगत होते. बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचं दाट जाळं असतं. आतले कोंब, म्हणजे इथले लोक आवडीने खातात ते वासते, त्या काट्यांमुळेच गुरांपासून आणि रानडुकरांपासून वाचतात. गिरणीचे मजूर तोडणी सोपी व्हावी म्हणून आधी ते जाळं साफ करत. काटे गेले की कोंब उघडे पडत आणि मग गुरंच काय, माकडं, साळिंदरं, डुकरं सगळीच त्यांवर तुटून पडत. प्रत्यक्ष पाहणीत गावकऱ्यांचं म्हणणं खरं ठरलं.

ही गोष्ट जुनी आहे, पण ती उगाळायला हवी. कारण जंगलाच्या ऱ्हासाची कारणं शोधताना आजही काठावरच्या माणसाला साक्षीदार मानलं जात नाही. त्याला थेट आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं जातं. मग ज्याला त्या बांबूच्या काट्याचं काम ठाऊक आहे, त्याचं ज्ञान कुठल्याच आराखड्यात येत नाही.

आता कुणब्याच्या शेतीकडे पाहावं. पूर्वी हे लोक कुमरी करत. जंगलाचा तुकडा तोडून जाळायचा, राखेत नाचणी पेरायची आणि मग ती जागा कित्येक वर्षं मोकळी सोडायची. ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात सागाच्या लाकडावर डोळा ठेवून कुमरीवर निर्बंध आणले आणि हळूहळू ती बंद पाडली. कुमरीचं समर्थन करण्याचा इथे हेतू नाही. आज तेवढी जमीनही नाही आणि तेवढा काळ ती पडीक ठेवण्याची मुभाही नाही. पण कुमरी गेली तरी त्या शेतीतली समज परसात उतरली. जोयड्यातल्या कुणबी घराचं परडं म्हणजे झाडांच्या आधाराने उभी असलेली शेती आहे. वर फणस, आंबा, कोकम. त्यांच्या सावलीत पोफळी, पोफळीवर चढलेली मिरी. खाली हळद, सुरण, आळू. आणि झाडांवर वेल सोडून जमिनीत वाढणारे कोन, कणगरासारखे कंद. इथली मुडली तर तालुक्याबाहेरही नावाजलेली आहे. जोयड्यात दरवर्षी कंदमुळांचा मेळा भरतो आणि एकेका कुटुंबाने आणलेल्या कंदांचे प्रकार पाहून कृषी शास्त्रज्ञ थक्क होतात. पलीकडे गोव्यात कुळागर म्हणतात ती बागेची रचना आणि ही रचना एकाच कुळातली.

याला आजच्या भाषेत वनशेती म्हणतात. भारताने २०१४मध्ये राष्ट्रीय वनशेती धोरण आणलं आणि असं धोरण करणारा तो जगातला पहिला देश ठरला. पण धोरणकर्त्यांच्या डोळ्यांपुढे बहुतेक वेळा बांधावर ओळीने लावलेली, पाच-सात वर्षांत तोडून प्लायवूडच्या कारखान्याला द्यायची झाडं असतात. कुंभारवाड्यासारख्या गावात जंगलावरचा भार कमी होतो तो वेगळ्या झाडांनी. पांगारा मिरीला आधार देतो आणि छाटला की पालाखत देतो. परसातल्या झाडांची छाटणी वर्षभराच्या सरपणाचा बराच भाग पुरवते, मग मोळीसाठी राखीव जंगलात शिरावं लागत नाही. कोकम, मिरी आणि हळदीतून हातात रोख येते, म्हणून शिकेकाई ओरबाडून व्यापाऱ्याला देण्याची घाई उरत नाही. आणि फणस, उंबर, जांभूळ असलेल्या परड्यांमधून धनेश पक्षी ये-जा करतात, हे दांडेलीत धनेश पाहायला येणाऱ्यांनी तरी ध्यानात घ्यायला हवं.

मग ही शेती वाढत का नाही? रोपं नाहीत म्हणून नव्हे. कर्नाटकात २०११-१२पासून ‘कृषी अरण्य प्रोत्साह योजने’ आहे : शेतकऱ्याला सवलतीत रोपं मिळतात आणि जगलेल्या रोपामागे तीन वर्षं टप्प्याटप्प्याने पैसेही मिळतात. योजना चांगली आहे. अडचण अर्जाच्या पहिल्याच कागदाशी येते, आणि तो कागद म्हणजे जमिनीचा उतारा. जोयड्यात पिढ्यान् पिढ्या कसली गेलेली कित्येक जमीन सरकारी नोंदीत जंगल आहे. उतारा नाही, म्हणजे तो शेतकरी नाही. तो अतिक्रमण करणारा. त्याने स्वतःच्या मेहनतीने फणस लावला आणि जगवला तरी तो फणस वनखात्याचा. कोण लावील?

ज्याच्याकडे उतारा आहे त्याचीही गत फार वेगळी नाही. कर्नाटकाच्या १९७६च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली खासगी जमिनीवरचं झाड तोडायलाही बहुतेक जातींसाठी परवानगी लागते; काही मोजक्या जातींना सूट आहे. याचा परिणाम राज्यातल्याच कोडगू जिल्ह्यातल्या कॉफीच्या मळ्यांत स्पष्ट दिसतो. तिथे कित्येक जमिनींवर मूळच्या देशी झाडांचा हक्क सरकारकडे राहिला, तर ऑस्ट्रेलियातून आलेला सिल्व्हर ओक मात्र मालकाला मोकळेपणी तोडता येतो. मळेवाल्यांनी वर्षानुवर्षं देशी सावली कमी करत सिल्व्हर ओक लावला. कायदा देशी झाडाचं रक्षण करायला निघाला आणि देशी झाड लावण्याची इच्छाच मारून बसला. चंदनाचंही तेच झालं. खासगी जमिनीवर उगवलेलं चंदन सरकारचं, या नियमामुळे शेतकरी चंदनाचं रोप दिसलं तरी त्याकडे पाठ फिरवत. कर्नाटकाने २००१मध्ये कायदा बदलून ते जमीनमालकाचं केलं, आणि त्यानंतरच चंदनाची लागवड शेतात दिसू लागली.

आफ्रिकेतल्या नायजर देशाची कहाणी याच्याशी जुळणारी आहे. तिथे फ्रेंच वसाहतीच्या काळापासून शेतातलं झाडही सरकारी मालमत्ता मानलं जाई. १९८०च्या दशकापासून मरादी आणि झिंदेर भागांत शेतकऱ्यांना शेतात आपोआप फुटणारे धुमारे राखण्याचं प्रोत्साहन मिळालं, आणि झाडं शेतकऱ्याचीच हे व्यवहारात मान्य होत गेलं. नर्सऱ्या उभारल्याशिवाय, केवळ जुन्या खोडांचे फुटवे राखून, सुमारे ५० लाख हेक्टर शेतजमिनीवर झाडं परत आली. जोयड्याची जमीन आणि पाऊस तिथल्या वाळवंटी काठापेक्षा कितीतरी उदार आहेत.

इथे विरोधकांचा सर्वांत वजनदार आक्षेप येतो, आणि तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. ते म्हणतात, हक्क दिले की लोक झाडं तोडतील, दोडामार्ग पाहा. खरं आहे. सिंधुदुर्गात सावंतवाडी–दोडामार्गच्या डोंगरांवरचं जंगल बहुतांश खासगी मालकीचं होतं, आणि तिथे रबर आणि अननसासाठी उतारच्या उतार उघडे झाले. अखेर मुंबई उच्च न्यायालयाला २०१३मध्ये वृक्षतोडीवर बंदी घालावी लागली. पण दोडामार्गात नेमकं काय घडलं? डोंगर विकता येत होते. बाहेरच्या लोकांनी ते घेतले आणि ज्यांचं गावाशी काही नातं नव्हतं त्यांनी त्यांवर रबर लावलं. म्हणून जोयड्यासाठी मागणी विकता येणाऱ्या मालकीची नाहीच. २००६च्या वनहक्क कायद्याच्या चौथ्या कलमाखाली मिळणारा हक्क वारसांकडे जातो, पती-पत्नी दोघांच्या नावे होतो, पण तो विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. तिसऱ्या कलमात गावाला आपल्या सामुदायिक वनाचं रक्षण आणि पुनरुज्जीवन करण्याचा हक्क दिला आहे, आणि पाचवं कलम वन्यजीव व जैवविविधता जपण्याचं कर्तव्य ग्रामसभेच्या खांद्यावर टाकतं. दोडामार्गातल्या डोंगरावर असं कर्तव्य कुणावरच नव्हतं.

असा हक्क दिल्यावर व्याघ्र प्रकल्पाचं काय होतं, याचं उत्तर कर्नाटकातच आहे. बिळिगिरी रंगन टेकड्यांतल्या सोलिगा आदिवासींना २०११मध्ये सामुदायिक वनहक्क मिळाले. देशातल्या व्याघ्र प्रकल्पात असे हक्क मिळण्याची ती पहिली वेळ. त्या जंगलातली वाघांची संख्या २०१०च्या गणनेत ३५ होती, २०१४मध्ये ६८ झाली. ही वाढ केवळ हक्कांमुळे झाली असं कुणी म्हणणार नाही. पण हक्क दिले की वाघ संपतात हे म्हणणं तिथे पार खोटं ठरलं. महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२मध्ये सुमारे हजार हेक्टर वनाचे हक्क मिळाले. गावाने बांबूची विक्री आपल्या हाती घेतली आणि तेंदूपानं तोडणं स्वतःहून बंद केलं, कारण त्यासाठी फांद्या छाटल्या जातात आणि रानात आगी लावल्या जातात. धुळ्याच्या साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने तर वनहक्क कायदा येण्याच्या आधीपासून उजाड डोंगर राखून पुन्हा हिरवा केला. त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५मध्ये पद्मश्री मिळाली. या गावांचा नियम वनखात्याच्या नियमापेक्षा अनेकदा कडक आहे, आणि तो पाळला जातो कारण तो गावाने बसून ठरवलेला आहे.

उलट बाजूचा भाबडेपणाही नको. वनात राहतो म्हणून माणूस आपोआप वनाचा रक्षक होत नाही. १९९०च्या दशकात उत्तर कन्नडात उप्पागेला, म्हणजे कोकमाच्या जातीच्या एका आंबट फळाला, परदेशांतल्या वजन कमी करणाऱ्या औषधांमुळे एकाएकी भाव आला. लोकांनी कच्ची फळं झोडपली, फांद्या तोडल्या, आणि ऐन पावसात फळं वाळवण्यासाठी रानातलं लाकूड गाड्यांनी जाळलं. गावकऱ्यांच्या हातून झालेलं ते नुकसान होतं. पण त्या वेळी फळ गोळा करण्याचा ठेका लिलावाने बाहेरच्या ठेकेदाराकडे जाई, आणि आज आपण नाही तोडलं तर उद्या दुसरा तोडणार हे प्रत्येकाला ठाऊक होतं. पुढे काही ठिकाणी गावच्या वनसमित्यांनी तोडणीचे दिवस ठरवले आणि कमी लाकडात चालणाऱ्या भट्ट्या आल्या, तेव्हा चित्र सुधारलं. वनशेतीत उप्पागे आणि कोकम लावायचं असेल तर अशा भट्ट्या आणि वाळवणीच्या शेड योजनेत पहिल्या दिवसापासून हव्यात. नाहीतर बागेतलं फळ वाळवायला जंगलातलंच लाकूड जळत राहील.

राहिला पुनर्वसनाचा मुद्दा. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने स्वेच्छेने बाहेर जाणाऱ्या कुटुंबासाठीची रक्कम २०२१मध्ये १० लाखांवरून १५ लाख केली. जोयड्याच्या आतल्या वाड्यांत पावसाळ्यात आजाऱ्याला दवाखान्यात नेणं आजही कठीण असतं. ज्यांना खरोखर बाहेर जायचं आहे, मुलांच्या शाळेसाठी किंवा म्हाताऱ्यांच्या औषधपाण्यासाठी, त्यांना ती रक्कम सन्मानाने मिळावी. पण रस्ता, वीज, शाळा नाकारून मिळवलेली संमती ही स्वेच्छा नव्हे. २००६ साली सुधारलेल्या वन्यजीव संरक्षण कायद्यातच म्हटलं आहे की हक्कांचा निवाडा आणि ग्रामसभेची संमती आधी, स्थलांतर नंतर. शिवाय गाभ्यातली चार गावं हलली तरी कुंभारवाड्यासारखी काठावरची गावं राहणारच आहेत. त्यांच्या आणि जंगलाच्या मधल्या पट्ट्यात काय उगवणार, हा प्रश्न पैसे वाटून सुटत नाही. तिथे अकेशिया उगवला तर ना कुणब्याला काही मिळेल, ना हरणाला चारा.

कुणब्यांची हक्काची वाट मात्र एका विचित्र जागी अडली आहे. गोव्यात कुणबी, गावडा आणि वेळीप यांना २००३मध्ये अनुसूचित जमातींत समाविष्ट केलं गेलं. त्याच वर्षी उत्तर कन्नडातल्या सिद्दींनाही तो दर्जा मिळाला. जोयड्याचे कुणबी, ज्यांचे पूर्वज गोव्यातूनच इकडे आल्याचं सांगितलं जातं, त्यांची मागणी वर्षानुवर्षं प्रलंबित आहे. म्हणून वनहक्कासाठी त्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ठरवलं जातं आणि ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. घाटाच्या एका उतारावरचा भाऊ जमातीत आणि दुसऱ्या उतारावरचा कागद शोधत फिरतो.

तो पुरावा कागदाचाच हवा असं कायदा म्हणत नाही. घर, बांध-बंदिस्ती, जुन्या विहिरी, दफनाच्या जागा, देवस्थानं, गावातल्या वडीलधाऱ्यांची लेखी साक्ष हे सगळं २००८च्या नियमांत पुरावा म्हणून धरलं आहे. २०१२च्या दुरुस्तीने तर स्पष्ट केलं की एखाद्याच विशिष्ट कागदाचा आग्रह धरता येणार नाही आणि दावा फेटाळताना कारण लेखी द्यावं लागेल. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९मध्ये दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला आणि महिना संपण्याआधी त्याला स्थगिती दिली, ती दावे फेटाळण्याच्या पद्धतीवरच प्रश्न उभे राहिले म्हणून. वाघासाठी आवाज उठवणाऱ्या संस्थांनी आता याच जागी आपलं वजन खर्च करावं. जोयड्यातले फेटाळलेले दावे या नियमांनुसार पुन्हा ऐकले जावेत, आणि निकाल लागेपर्यंत ‘कृषी अरण्य’ योजनेत उताऱ्याऐवजी ग्रामसभेचा दाखला चालावा. दुसऱ्या गोष्टीसाठी विधानसभेत जायची गरज नाही; ती खात्याच्या पातळीवर ठरू शकते, आणि रोपवाटिकांमध्ये फणस, कोकम व पांगाऱ्याच्या पिशव्या भरायला घेण्याआधी ठरली तर येत्या मिरगालाच लागवड सुरू होईल.